पावती आहे का?



आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'वापरलेल्या महागड्या बॅगा आणि घड्याळं' असं सांगितलं. फोनवर क्षणभर शांतता पसरली. निवृत्त कर्नल म्हटल्यावर त्यांना सियाचीन नाही तर कारगिल अपेक्षित असणार. पण मी आर्मी ऑर्डनन्स कोअरचा माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं मालाचा हिशेब ठेवण्यात गेली. बूट, कोट, तंबू, गाड्यांचे सुटे भाग, दारूगोळा. कुठली वस्तू कुठून आली, कुणाकडं गेली, आज कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगता आलं पाहिजे, आणि कागदावर दाखवता आलं पाहिजे. ही सवय निवृत्तीनंतर जात नाही. सिकंदराबादच्या आमच्या घरात मिक्सरच्या पावतीचीसुद्धा फाइल आहे, आणि त्यावरून मला घरात काय ऐकावं लागतं ते इथं सांगत नाही.

आपल्याकडं जुन्या कपड्यांचा व्यवहार नवा नाही. आम्ही मूळचे बडोद्याचे. लहानपणी दांडिया बाजारातल्या घरी दुपारी बोहारीण यायची. आईची दोन लुगडी, वडिलांची पँट, वर आणखी काहीतरी, आणि बदल्यात एक पातेलं. घासाघीस तासभर चालायची. पातेलं लहान आहे, लुगडं विरलंय, मग जरा मोठं पातेलं, मग त्यावर एक चमचा. पण व्यवहार उंबऱ्यावर संपायचा. लुगडं कुठल्या दुकानातलं, पावती आहे का, हे त्या बाईनं कधी विचारलं नाही. तिला कापड हाताला कळायचं. जरीच्या जुन्या साड्या घेणाऱ्यांचंही तसंच. जरीत चांदी किती ते तो बघतो, वजन करतो, पैसे देतो.

आज ज्या बाजाराबद्दल बोलतोय तिथं वस्तू हाताला कळून भागत नाही.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होता. चार वर्षांपूर्वी गेला. दर सफरीनंतर तो काही ना काही आणायचा. सिंगापूरहून घड्याळ, हॅम्बुर्गहून बॅग. बायकोसाठी, मुलीसाठी. खोकी मोठी असतात, सामानात जागा खातात, म्हणून खोकी तो बंदरावरच टाकून यायचा. पावत्यांचं म्हणाल तर बायकोला भेट देताना पावती कोण देतं? गेल्या वर्षी पुतणीच्या एमडीएसच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली. साडेसहा लाख. भावजय म्हणाली, "भाऊजी, कपाटात इतकं महागाचं पडून आहे, मी कुठं वापरतेय? विकून टाकू." मी बडोद्याला गेलो, कपाट उघडलं आणि सवयीनं आधी यादी केली. एक ओमेगा सीमास्टर घड्याळ. लुई व्हिटॉनची एक स्पीडी आणि एक नेव्हरफुल. शनेलची काळी, साखळीच्या पट्ट्याची बॅग. एक अजगराच्या कातड्याचा बटवा. तो बटवा मी यादीतून लगेच बाजूला काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची वाट ज्याला आडवी जायची नाही त्यानं अशी वस्तू विकायला काढू नये.

उरलेल्या चार वस्तू. विकायचे मार्ग तीन. दुकानदाराला एकरकमी देऊन मोकळं व्हायचं, म्हणजे भाव सगळ्यात कमी. किंवा मंडईत शेतकरी अडत्याकडं माल ठेवतो तसं एखाद्या ऑनलाइन दुकानाकडं ठेवायचं, विकलं गेलं की अडत कापून पैसे. किंवा ओळखीतून थेट माणसाला विकायचं. मी तिन्ही मार्ग वापरून पाहिले, म्हणून आज बोलतोय.

पहिला प्रश्न सगळीकडं एकच. "ओरिजिनल बिल, बॉक्स, डस्ट बॅग?" डस्ट बॅग म्हणजे ती कापडी पिशवी, ज्यात बॅग झोपते. बिल नाही, खोकं नाही, पिशवी एकीची आहे, म्हटलं की समोरचा आवाज बदलतो.

आता बिल नसलं तर वस्तू स्वतः काय सांगते? लुई व्हिटॉनच्या जुन्या बॅगांत आत एक सांकेतिक क्रमांक दाबलेला असतो. दोन अक्षरं, चार आकडे. अक्षरं कारखान्याची. आमच्या स्पीडीवर आकडे आहेत १०२५. १९९० ते २००६ च्या पद्धतीनं पहिला आणि तिसरा आकडा जोडला की महिना, दुसरा आणि चौथा जोडला की साल. म्हणजे बारावा महिना, २००५. डिसेंबर २००५. मग २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला. आणि मार्च २०२१ पासून त्यांनी हा क्रमांकच बंद केला, बॅगेच्या आत चिप बसवायला सुरुवात केली. शनेलमध्ये आत क्रमांकाचा स्टिकर आणि त्याच क्रमांकाचं एक कार्ड मिळायचं. त्यांनीही २०२१ मध्ये स्टिकर-कार्ड सोडून चिपवाली धातूची पट्टी आणली.

मला हे वाचताना फार बरं वाटलं. म्हटलं, चला, बॅच नंबर आहे, मग काम सोपं. पण हा क्रमांक वाचायची पद्धत मला इंटरनेटवर दहा मिनिटांत सापडली, तर नकली माल बनवणाऱ्याला ती सापडली नसेल? तोही बरोबर क्रमांक छापतो. क्रमांक चुकीचा असेल तर माल नकली, एवढंच ठरतं. क्रमांक बरोबर आहे म्हणून माल अस्सल ठरत नाही. मग तपासणारे शिलाई बघतात, एका इंचात टाके किती, धातूवरची अक्षरं, चेनचं वजन, चामड्याचा वास. हे खरं कौशल्य आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण शेवटी ते मत आहे.

ते मत कसं मिळतं ते सांगतो. शनेलची बॅग आम्ही एका ऑनलाइन दुकानाकडं पाठवली. अकरा दिवसांनी निरोप आला की 'पडताळणी करता आली नाही', बॅग परत पाठवत आहोत. कारण दिलं नाही. फोन केला तर कारण सांगायचं धोरण नाही, कारण सांगितलं तर नकली माल बनवणारे सुधारतात. हे मला पटतं. मग बॅग न पाठवता, फोटोंवरून मत देणाऱ्या दुसऱ्या एका तज्ज्ञाला पैसे देऊन विचारलं. त्याचं उत्तर आलं, अस्सल वाटते. 'वाटते.' आता हे दोन कागद शेजारी ठेवले तर बॅगेची किंमत किती?

दुकानाची बाजूही सांगितली पाहिजे. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे, कलम १०३ आणि १०४, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. त्यामुळे जरा शंका आली तर नाही म्हणणं त्यांना स्वस्त पडतं. शंभरातल्या पाच अस्सल वस्तू नाकारल्या तर त्यांचं काय गेलं? जे जातं ते पाठवणाऱ्याचं जातं. आणि 'पडताळणी करता आली नाही' याचा अर्थ 'नकली आहे' असा नाही. हे मी भावजयीला तीनदा समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे ह्यांनी मला नकली आणून दिली होती, असंच म्हणतायत ना ते?"

याला काय उत्तर द्यायचं? लाख-दीड लाखाचा प्रश्न नव्हता तो. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या खरेपणावर कुणीतरी अनोळखी माणसानं छापील वाक्यात शेरा मारला होता. आणि खोडायला तो माणूस नाही.

मला राग कुठं येतो ते सांगतो. ही बॅग ज्यांनी बनवली त्यांना माहीत आहे ती त्यांची आहे की नाही. क्रमांक त्यांचा, कारखाना त्यांचा, विक्रीची नोंद त्यांची. पण त्यांच्या दुकानात जुनी बॅग घेऊन गेलात तर ती अस्सल आहे असं ते लिहून देत नाहीत. शनेलनं २०१८ साली अमेरिकेत द रियलरियल या जुना माल विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला. त्यातला त्यांचा युक्तिवाद असा होता की अस्सल शनेल कोणती हे फक्त शनेलच सांगू शकते. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका जुन्या मालाच्या विक्रेत्याविरुद्ध त्यांच्या बाजूनं ज्यूरीनं चाळीस लाख डॉलरची भरपाई ठरवली. नकली माल विकणाऱ्यावर कारवाई व्हावी, याला माझी काहीच हरकत नाही. पण फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि तुम्ही सांगत नाही, तर मग बडोद्याच्या बाईनं जायचं कुठं?

डेपोत प्रत्येक वस्तूला लेजरचं पान असायचं. माल एका युनिटमधून दुसऱ्या युनिटला गेला की व्हाउचर जायचं. घेणाऱ्यानं मोजून सही केली की देणाऱ्याची जबाबदारी संपली. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची, तिच्या नावानं आम्हीही खडे फोडले, एका सुईसाठी चार कागद म्हणून. पण एखादी वस्तू 'आमची आहे की नाही ते सांगता येत नाही' असं म्हणायची मुभा तिथं कुणाला नव्हती. या कंपन्यांना तसं लेजर ठेवणं जमत नाही असं नाही. २०२१ मध्ये लुई व्हिटॉनची मालक कंपनी, प्राडा आणि कार्टिए यांनी एकत्र येऊन ऑरा नावाची ब्लॉकचेनवरची नोंदव्यवस्था सुरू केली. युरोपीय संघात जुलै २०२४ मध्ये जो नवा कायदा अमलात आला त्यात मालाला डिजिटल पासपोर्ट देण्याची तरतूद आहे, आणि कपडे त्यात टप्प्याटप्प्यानं येणार आहेत. म्हणजे पुढच्या बॅगांना पान मिळेल. मागच्या चाळीस वर्षांच्या बॅगांचं काय, हा प्रश्न उरतोच.

घड्याळांच्या धंद्यात हे जरा बरं आहे. रोलेक्सनं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःची प्रमाणित जुनी घड्याळं अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकायला सुरुवात केली, दोन वर्षांच्या हमीसह. आणि घड्याळ उघडून बघता येतं. आतलं यंत्र बोलतं. आमचं ओमेगा म्हणून सरळ विकलं गेलं. एकच वेळ नाजूक होती. भावजयीच्या शेजाऱ्यांनी सुचवलं की आधी पॉलिश करून घ्या, नव्यासारखं चमकेल. मी हात धरला. फौजी माणसानं पॉलिशला विरोध करावा हे विचित्रच. पण घड्याळाची केस घासली की कडा गोल होतात, आणि जाणकार तेच आधी बघतो. तबकडी नव्यानं रंगवली तर विचारूच नका. मुंबईच्या बाजारात अशी रंगवलेली जुनी घड्याळं इतकी निघाली की परदेशातले शौकीन त्यांना मुंबईच्या नावानंच ओळखतात. बॅगेचंही तसंच. कोपरे रंगवून घेतले, चामडं डाय केलं, की मूळ माल बदलला. कायदेशीररीत्या घेतलेली वस्तू पुढं विकायला ट्रेडमार्क कायदा आडवा येत नाही, पण मालाची अवस्था बदलली असेल तर कंपनीला हरकत घेता येते, हेही त्याच कायद्याच्या तिसाव्या कलमात आहे.

अवस्थेवरून आठवलं. फौजेत मालाचे वर्ग ठरलेले. वापरण्याजोगा, दुरुस्त होण्याजोगा, आणि बी.ई.आर., म्हणजे ज्याच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही असा. बोर्ड बसतं, बघतं, सही करतं. या बाजारात शब्द आहेत 'एक्सलंट', 'व्हेरी गुड', 'जेंटली यूज्ड'. प्रत्येक दुकानाचा 'व्हेरी गुड' वेगळा. आमची नेव्हरफुल एका ठिकाणी 'एक्सलंट' होती, दुसऱ्या ठिकाणी 'गुड'. बॅग तीच, आठवडा वेगळा. जपानमध्ये हा धंदा जुना आहे, नागोयाचं कोमेह्यो १९४७ पासून चालू आहे, आणि तिथं १९४९ च्या कायद्यानं जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. तिथला माल जगभर डोळे झाकून घेतात, त्याला अशी कारणं आहेत.

आपल्या हवेचाही एक हिस्सा आहे. बडोद्याचा पावसाळा मुंबईइतका वाईट नाही, तरी बंद कपाटात चामड्याला बुरशी येते, पितळी कड्या काळवंडतात. काही बॅगांचं आतलं अस्तर पॉलियुरेथेनचं असतं, ते हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू विघटित होतं आणि हाताला चिकटतं. बुटांचे तळवे त्याच कारणानं सुटतात. माझ्या बंगळुरूच्या भाच्यानं एका प्रसिद्ध इटालियन नावाचे बूट ऑनलाइन घेतले, 'न वापरलेले' म्हणून. खरंच न वापरलेले होते. लग्नात घालून निघाला आणि मांडवात पोचेपर्यंत तळव्याचा भुगा. विकणाऱ्याचं म्हणणं, वर्णनात काय खोटं होतं? भाच्याची गंमत वाटली, पण विकणारा खासगी माणूस होता, आणि खासगी माणसाविरुद्ध ग्राहक मंचाचा रस्ता सहसा खुला होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणखी एक खाच आहे. पुन्हा विकण्यासाठी वस्तू घेतली तर तुम्ही कायद्यानं ग्राहकच नाही. 'घेऊन ठेवा, भाव वाढतो' असं ऐकून बॅगा घेणाऱ्या तरुण मंडळींनी हे लक्षात घ्यावं.

आता पैसे. नेव्हरफुल अडतीवर ठेवली. सांगितलेला भाव पंचावन्न हजार. दोन महिने कुणी घेतली नाही, भाव दोनदा खाली आला, चव्वेचाळीस हजारांना गेली. अडत पंचवीस टक्के, अकरा हजार. त्या अडतीवर जीएसटी अठरा टक्के, एक हजार नऊशे ऐंशी. कुरिअर आणि विमा साडेआठशे. हातात आले तीस हजार एकशे सत्तर. आणि तेही घेणाऱ्याची परतीची मुदत संपल्यावर. स्पीडी पुतणीच्या कॉलेजमधल्या एका प्राध्यापिकेनं थेट बावीस हजारांना घेतली, तिनं पावती मागितली नाही, मीच हातानं लिहून दिली. क्रमांक, अवस्था, कोपऱ्यावरचा डाग, दोघांच्या सह्या. घड्याळाचे एक लाख अडतीस हजार. एकूण एक लाख नव्वद हजार एकशे सत्तर. बाकी फीसाठी कर्ज काढलं.

लोक मला विचारतात, नव्या बॅगांच्या किमती तर दरवर्षी वाढतायत, मग जुनीला भाव का नाही? अहो, शनेलची मधल्या आकाराची क्लासिक बॅग अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस सुमारे अठ्ठावन्नशे डॉलरला होती, २०२३ मध्ये दहा हजारांच्या वर गेली. हे सगळं खरं. पण ती किंमत दुकानात शिरणाऱ्याला लागू असते, दुकानातून बाहेर पडलेल्याला नाही. आणि ज्यांच्याकडं खोकं, कार्ड, बिल सगळं आहे त्यांची बॅग आणि आमची बॅग एकाच साच्यातली असूनही वेगळ्या भावानं विकली जाते. म्हणजे लोक चामड्याइतकेच पैसे पुठ्ठ्याच्या खोक्याचे देतात. रिकामी खोकीसुद्धा विकली जातात, पाहा कधी.

विकणाऱ्यांना एकच सांगतो. पाठवण्याआधी वस्तूचा सगळ्या बाजूंनी एका दमात व्हिडिओ घ्या. क्रमांक, कोपरे, मग खोक्यात घालताना, चिकटपट्टी लावताना, वजनकाट्यावर. न थांबवता. घेणाऱ्यांनी खोकं उघडताना तसाच. परत येताना वस्तू बदलली असा संशय दोन्हीकडून घेतला जातो, म्हणूनच ही दुकानं बॅगेवर मोठं लेबल लटकवतात आणि ते तोडलं तर परत घेत नाहीत. भावजयीला हे चित्रीकरण म्हणजे अपमान वाटला. मला तो बदलीचा चार्ज देण्यासारखा वाटला. देणारा आणि घेणारा एकत्र उभे राहून मोजतात, त्यात अपमान कसला.

शनेलची बॅग अजून कपाटात आहे. तिसऱ्या ठिकाणी तपासायला पाठवायला भावजय तयार नाही, आणि मी आग्रह केलेला नाही. पुढच्या महिन्यात बडोद्याला जाणार आहे, तेव्हा भावाची सीडीसी शोधायची आहे. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक. त्यात कोणत्या जहाजावर कधी चढला, कोणत्या बंदरावर कधी उतरला, त्याच्या तारखा आणि शिक्के असतात. हॅम्बुर्गला तो २००८ मध्ये उतरला होता असं पुतणी म्हणते. त्या वर्षीच्या बँकेच्या कार्डाची जुनी स्टेटमेंट्स माळ्यावरच्या ट्रंकेत असण्याची शक्यता आहे. दुकानाचं नाव आणि रक्कम त्यात मिळाली तर पावतीच्या सगळ्यात जवळचा कागद तोच असेल. ट्रंकेची किल्ली मात्र भावाबरोबरच गेली, त्यामुळे कुलूपवाला बोलवावा लागणार.

माझी वेळ संपली असं समोरून खुणावतायत. प्रश्न असतील तर विचारा. घड्याळांचे आधी घ्या, त्यांची उत्तरं लवकर देता येतात.